वाचायची सवय लावायची आहे, पण पुस्तक उघडलं की झोप येते

सागर_राजापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राजापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वय ३१. बारावी, मग आयटीआय. शाळा सुटल्यापासून अभ्यासाबाहेरचं पुस्तक हातात धरलेलं नाही. घरी पेपर येतो, त्यातलं क्रिकेट आणि राशिभविष्य वाचतो, बास.

मध्यंतरी ग्रंथप्रदर्शन लागलं होतं. सगळे वाखाणतात म्हणून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेतली. दुकान साडेआठला बंद करतो, जेवण, मग अंथरुणावर पडून वाचायला घेतो. दोन पानं होईतो डोळे मिटतात. दुसऱ्या दिवशी कोण कोणाचा सरदार तेच आठवत नाही, की परत मागून सुरू. तेच डोळे मोबाईलवर मात्र बारापर्यंत टक्क उघडे असतात.

तर जाणकारांनी सांगा. सुरुवात कशी करू? किती वाचायचं, केव्हा वाचायचं? आणि घेतलेलं पुस्तक पुरं केल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही असा काही नियम असतो का?

मालवणी_खाजा

अरे सागरा, मोबाईलाक गाळी घालू नको, पोटावर पाय येतलो.

बाकी झोपेचा म्हणशीत तर माका पयल्याच पानार येता. डाक्टराची गोळी नको, काय नको. तू हेका तक्रार कित्याक म्हणतस?

सुमनबाई_गुहागर

सागर, मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तुझ्या वयाचे माझे कितीतरी विद्यार्थी हेच सांगतात, तेव्हा संकोच करू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे ती कादंबरी कपाटात ठेव. तिने काही वाईट केलेलं नाही, पण सुरुवातीचं पुस्तक ते नव्हे. दुसरं, 'श्यामची आई' घे. शाळेत एखादा धडा वाचला असशील, अख्खं पुस्तक बहुतेकांनी वाचलेलं नसतं. सानेगुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते लिहिलं. तुझ्या कामाची गोष्ट अशी की पुस्तकाचे भागच मुळी रात्रींचे आहेत, रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. एका रात्रीला एक गोष्ट, पाच-सात पानांची. मागचं विसरलास तरी पुढचं अडत नाही. सवयीसाठी याहून सोयीचं पुस्तक मराठीत मला माहीत नाही.

शंकासुर

बाई, रोज रात्री रडून झोपायचं म्हणजे घरचे विचारतील काय झालं म्हणून.

चाकरमानी_डोंबिवली

हाहाहा. शंकासुरा, शिमग्याला अजून अवकाश आहे.

सागर, मूळचा मी लांज्याचा, तुझा शेजारी. माझं सगळं वाचन गाडीत होतं. गावी येताना दिवा-सावंतवाडी पकडली की क्रॉसिंगला ती कुठे किती थांबेल हे ब्रह्मदेव सांगू शकत नाही. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. रेंज जाते, डब्यातले सगळे मोबाईलवरून मान वर काढून एकमेकांकडे बघतात. मी तेव्हा पानं उलटतो. सांगायचं काय, तर रेंज नसलेली जागा शोध. निश्चय वगैरे नंतर बघू.

सागर_राजापूर

दुकान भर बाजारात आहे दादा. अर्जुनेला पूर येऊन जवाहर चौकात पाणी भरलं की लाईट जाते, रेंजही जाते. पण तेव्हा आम्ही माल वरच्या फळीवर चढवण्यात असतो.

पुस्तकांचा_रखवालदार

मी एका खेड्यातल्या शासनमान्य वाचनालयात ग्रंथपाल आहे. ड वर्गाचं वाचनालय, म्हणजे अ-ब-क-ड मधलं सगळ्यात धाकटं. एक खोली, चार कपाटं, एक पंखा. सकाळी पेपर वाचणाऱ्यांची गर्दी, संध्याकाळी पुस्तकं बदलणारे. देवघेवीचं रजिस्टर माझ्याच हातात असतं, त्यामुळे काय टिकतं आणि काय नाही ते रोज दिसतं. जे दिसतं ते सांगतो.

नवा सभासद पहिल्या दिवशी हमखास जाड पुस्तक मागतो. वर्गणी भरलीय, ती वसूल व्हायला हवी ना! ते पुस्तक महिनाभर त्याच्या घरी राहतं, मग दंड लागेल म्हणून कोणाच्या तरी हातून परत येतं. त्याबरोबर सभासदही संपतो. जो पातळ पुस्तक नेतो तो आठवड्यात परत येतो, कारण ते वाचून होतं. वाचून झालं की माणूस जरा ऐटीत येतो आणि दुसरं मागतो. तेव्हा पहिली पाच-सहा पुस्तकं शंभर-दीडशे पानांच्या आतली असावीत, हा माझा हट्ट आहे.

दुसरी गोष्ट विकत घेण्याबद्दल. विकतच्या पुस्तकाला परत करायची तारीख नसते. ते आपलंच असतं, आज नाही तर उद्या वाचू. वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्का असतो, त्यामुळे हात हलतो. अनामत एकदाच भरायची आणि महिन्याची वर्गणी म्हणजे दोन-तीन वडापाव. न वाचता परत आणलंस तरी ग्रंथपाल तोंडी परीक्षा घेत नाही, निदान मी तरी घेत नाही.

'पुरं केलंच पाहिजे' या नियमाने जितके वाचक मारले तितके मोबाईलनेही मारले नसतील. नाही आवडलं, परत कर.

सुमनबाई_गुहागर

इथे मी ग्रंथपाल महाशयांशी सहमत नाही. चार पुस्तकं अर्धी सोडली की अर्धं सोडायचीच सवय लागते. चांगल्या पुस्तकाची पहिली पन्नास पानं कष्टाचीच असतात. निदान तेवढी तरी वाचावीत, मग सोडायचं ते सोडावं.

पुस्तकांचा_रखवालदार

बाई, पन्नास पानं तुम्हाला-मला. ज्याने पंधरा वर्षांत पुस्तक उघडलं नाही त्याला दहा सुद्धा पुष्कळ.

हर्णैचा_तांडेल

मी वेगळं बोलणार आहे. सगळे 'रोज वाचा, रोज वाचा' म्हणताय. आमच्याकडे रोज असं काही नसतंच. होडी बाहेर गेली की दिवस कुठला, रात्र कुठली. डिझेलचा वास, इंजिनाचा आवाज, त्यात कोण वाचणार? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा जाळी दुरुस्त करायची, होडीला रंग काढायचा आणि दुपारी पाऊस धरला की पुस्तक. दोन महिन्यांत मी भरपूर वाचतो. नारळी पौर्णिमा झाली की पुस्तकं आतल्या खोलीत. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

मग मला वाचनाची सवय आहे म्हणायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

देवगड_बागायतदार

तांडेल, टाळी द्या. मार्चपासून मेपर्यंत मला विचारू पण नका. मोहोर, फवारणी, तोड, पेट्या, गाड्या. मे महिन्यात आमच्या घरात वाचलं जाणारं साहित्य म्हणजे पेटीवरचं लेबल आणि दलालाची पट्टी. पावसाळ्यात मात्र माझ्याइतका निवांत माणूस नाही. सागर, राजापुरात तुझा धंदा केव्हा थंड असतो ते आधी बघ.

प्राजक्ता_चिपळूण

तांडेलकाका, तुमचीही सवयच आहे, फक्त हंगामी.

सवयीबद्दल एक सांगते, कारण '२१ दिवसांत सवय लागते' हा मेसेज आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना साधारण तीन आठवडे तरी लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी 'तरी' गाळलं आणि चेहरा पण गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय अंगी मुरायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ (निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त), पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत! आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

शंकासुर

त्या ९६ लोकांत पुस्तक वाचणारे किती होते?

प्राजक्ता_चिपळूण

चांगला प्रश्न. मुख्यतः खाणं, पिणं, व्यायाम अशा सवयी होत्या. जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी पळून येणं असल्या. त्यामुळे आकडा वाचनाला जसाच्या तसा लावू नये. एक धागा मात्र घेण्यासारखा आहे. प्रत्येकाने नवी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली होती. 'नाश्त्यानंतर' असं. 'वेळ मिळाला की' असं नाही.

देवगड_बागायतदार

हे आमच्या आजीला लंडनला न जाता माहीत होतं.

श्रावणात घरी हरिविजय लागायचा. ३६ अध्याय. दिवेलागण झाली, हातपाय धुतले, की ओटीवर पाट मांडून आजी पोथी सोडायची. एकदा वाचायला बसली की अध्याय पुरा होईपर्यंत उठायची नाही, दारात कोणीही येवो. श्रावणाचे दिवस तीस आणि अध्याय छत्तीस, त्यामुळे काही दिवशी दोन वाचायला लागायचे. एखाद्या दिवशी अडचण आली तर दुसऱ्या दिवशी भरून काढायचं. कुठपर्यंत आलं त्याची खूण म्हणून मोरपीस. आणि मुख्य म्हणजे ऐकायला माणसं असायची. शेजारची काकू, आम्ही पोरं, पडवीत विडी ओढत बसलेला गडी. आजी नाही बसली तर काकू विचारायची, "आज काय गो, नेम चुकवलास?" त्या धाकाने आजी तापातही बसायची.

आजी चौथी शिकलेली. शेवटपर्यंत वाचत होती.

शंकासुर

आणि अर्थ किती कळायचा?

देवगड_बागायतदार

तुझ्यापेक्षा जास्त. श्रीधरस्वामींचं मराठी तू एकदा उघडून बघ, मग बोल. अडलं तर आजी ओवी पुन्हा वाचायची, काकू आपल्या परीने अर्थ सांगायची, गडी तिसराच सांगायचा. आज याला वाचनकट्टा म्हणतात आणि बॅनर लावतात.

निशिगंधा_अलिबाग

मोठ्याने वाचण्याबद्दल मलाही सांगायचंय. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. त्याला झोपवताना गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचते. हे सुरू केल्यापासून माझंच वाचन परत आलं. मोठ्याने वाचताना डोळे मिटत नाहीत आणि मन भरकटत नाही, कारण भरकटलं की जीभ अडखळते. सागर, झोप येते ना? पहिलं पान मोठ्याने वाचून बघ.

मालवणी_खाजा

बायको बाजूक निजलेली आसताना? वैनी, तुमी आमचो संसार मोडतालात.

चष्मेवाला

चिपळूणला माझं चष्म्याचं दुकान आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात धंदा दिसेल, दिसू दे.

धाग्यातल्या चाळिशीच्या पुढच्या मंडळींसाठी. 'हल्ली वाचनात मन लागत नाही' म्हणून जे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं मन ठीक असतं, जवळचं दिसत नसतं. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळच्या अक्षरावर नजर ठरत नाही. मग पुस्तक लांब धरायचं, कपाळ दुखतं, झोप येते. मोबाईलवर अक्षर मोठं करता येतं आणि तो आतून उजळलेला असतो, म्हणून तिथे अडचण कळत नाही. माणूस समजतो की आपली एकाग्रता गेली.

सागर ३१ चा आहे, पण दिवसभर भिंगातून बारीक सोल्डरिंग करतो. रात्री त्याचे डोळे थकलेले असणारच. शिवाय आपल्या जुन्या घरांत दिवा वर वाशाला आणि वाचणारा खाली अंथरुणावर, पानावर स्वतःच्याच डोक्याची सावली. खांद्यामागून पानावर पडेल असा दिवा लाव. झोपून नको, बसून वाच.

हर्णैचा_तांडेल

चष्मेवाले, तुमच्या बोलण्यावरून आता संशय यायला लागलाय. मी पुस्तक हातभर लांब धरतो. मला वाटायचं समुद्रावर लांब बघायची सवय म्हणून.

चष्मेवाला

या एकदा. चिपळूण काही लांब नाही.

शंकासुर

थोडा गंभीर होतो. हा सगळा खटाटोप कशासाठी? सागर उघडलेल्या फोनमधलं सर्किट वाचतो. तांडेल पाणी वाचतात. बागायतदार मोहोर बघून सांगतात पीक किती येणार. पुस्तकं वाचणारा तेवढा शहाणा आणि बाकीचे अडाणी, ही पांढरपेशांनी करून ठेवलेली गोष्ट आहे. माझ्या ओळखीत हजारो पुस्तकं वाचलेले आणि एका पैशाचं शहाणपण नसलेले लोक आहेत. सागर, तुला खरंच वाचायचंय की वाचणारा म्हणवून घ्यायचंय?

सुमनबाई_गुहागर

वाचून शहाणपण येतंच असं कोणीच म्हटलेलं नाही. पण न वाचून येतं असंही नाही. आणि ज्याने विचारलंय त्याला रस्ता सांगावा, त्याच्या हेतूची झडती कशाला?

सागर_राजापूर

नाही बाई, शंकासुरांनी विचारलं ते बरोबर आहे. खरं सांगतो. गणपतीत मुंबईहून चुलतभाऊ येतात. रात्री जागरणाला ओटीवर बसून त्यांच्या पुस्तकांवर गप्पा रंगतात, भांडतात सुद्धा. मी चहा आणून देतो. माझा आवाज आरतीलाच काय तो निघतो. मला त्यांच्यात बसून भांडायचंय.

शंकासुर

हे कारण झकास आहे. मागचा सगळा प्रतिसाद मागे घेतो. भांडायला वाचत असशील तर मी तुझ्या बाजूने.

चाकरमानी_डोंबिवली

मग त्यांच्याच गावातलं वाच, म्हणजे भांडणात घरचं मैदान मिळेल. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' घे. दळवी आरवलीचे. गावातली एकेक माणसं एकेका प्रकरणात, कुठूनही उघड. अर्धं वाचून झालं की तुझ्या वाडीतली तीच माणसं दिसायला लागतील. हसूनच झोप उडेल.

श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' मात्र आत्ता नको. दोन जाडजूड खंड आहेत. पुढे कधीतरी, एका पावसाळ्यात.

देवगड_बागायतदार

आणि कोकणात राहून रात्री धारपांच्या भयकथा नको. नेमक्या जागी लाईट जाते.

प्राजक्ता_चिपळूण

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' सुचवते. बारा महिन्यांवर लेख आहेत. तो तो महिना लागला की त्यावरचा लेख वाचायचा. वर्षात एक पुस्तक होईल फक्त, पण दर महिन्याला ते हातात येईल. तांडेलकाका, हे तुमच्या हंगामाला पण चालेल.

निशिगंधा_अलिबाग

एक विषयाबाहेरचं विचारू? पावसाळ्यात तुम्ही सगळे पुस्तकं ठेवता कुठे? आमच्याकडे जुलैत पुस्तक उघडलं की आधी कुबट वास, मग कसर पळते.

पुस्तकांचा_रखवालदार

विचारा, आमचा रोजचाच विषय. पुस्तकं भिंतीला टेकून ठेवू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपाटात दाटीवाटी नको, हवा खेळायला हवी. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे ठेवतो आम्ही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं पुस्तक आतल्या ओलीने बुरशी धरतं, ते करू नका. ऊन पडलं की कपाटाची दारं उघडी टाका. पुस्तकं मात्र थेट उन्हात नको, बांधणी तडकते.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वाचत राहा. हाताळलेल्या पुस्तकाला कसर कमी लागते.

प्राजक्ता_चिपळूण

भिजलेल्या पुस्तकांचं दुःख चिपळूणकरांना विचारा. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथे पाणी शिरलं. चिखलात भिजून फुगलेली पुस्तकं बाहेर काढताना बघून पोटात कालवलं होतं. घरी आमचीही गेली. तेव्हा कोणीतरी सांगितलं होतं की ओली पुस्तकं गोठवून ठेवायची, खरं आहे का ते?

पुस्तकांचा_रखवालदार

खरं आहे. सगळी एकदम वाळवणं शक्य नसेल तर गोठवतात. थंडीत बुरशी वाढत नाही, मग सवडीने थोडी थोडी बाहेर काढून वाळवायची. वाळवताना पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी मोकळी, मधेमधे कोरा कागद. पेपरची रद्दी घालू नका, शाई उतरते.

हर्णैचा_तांडेल

गोठवायचीच असतील तर इकडे पाठवा. बंदरात बर्फाला काय तोटा? फक्त परत येताना ज्ञानेश्वरीला बांगड्याचा वास येईल.

मालवणी_खाजा

मगे तर मी नक्की वाचतलंय!

चाकरमानी_डोंबिवली

गाडी रुळावर आणतो. एसटीत वाचायचं म्हटलं तर घाटात मला गाडी लागते. तेव्हा मी ऐकतो, कानात घालून. त्याला वाचन म्हणायचं की नाही?

सुमनबाई_गुहागर

ऐकणं ते ऐकणं. वाचण्याचे कष्ट त्यात नाहीत. वाचताना वेग आपला असतो, मधे थांबून परत मागे जाता येतं.

देवगड_बागायतदार

मग काकूने आणि गड्याने हरिविजय वाचलाच नाही म्हणायचा? बाई, पोथी ऐकणाऱ्यांनी आपली भाषा टिकवली आहे.

सुमनबाई_गुहागर

तुमच्या आजीच्या पुढे मी बोलणार नाही. पण सागरने विचारलंय वाचायचं, म्हणून म्हटलं.

पुस्तकांचा_रखवालदार

दिवाळी जवळ आलीय म्हणून आणखी एक वाट. सागर, दिवाळी अंक घे. बऱ्याच वाचनालयांत ठरावीक वर्गणी भरली की दिवाळीनंतर काही महिने अंक बदलून बदलून मिळतात. एका अंकात कथा, लेख, व्यंगचित्रं, कविता. नको ते ओलांडून पुढे जा. आपल्याला काय आवडतं तेच नव्या वाचकाला माहीत नसतं. अंक दोन-चार चाळले की कळतं, आपण कथेकडे वळतो की प्रवासवर्णनाकडे, की नुसतीच चित्रं बघतो. पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली काढला. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र, मूळचे आजगावकर, आपल्या सावंतवाडीकडच्या आजगावचे. म्हणजे वारसा घरचाच आहे.

आणि राजापूरकरा, रत्नागिरीला माल आणायला जातोस ना? तिथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, राज्यातलं सगळ्यात जुनं. एकदा आत डोकावून तर ये.

मालवणी_खाजा

१८२८? म्हणजे तेवा लोक वाचीत होते नि रेल्वेय नव्हती. टायम खूप होतो.

चाकरमानी_डोंबिवली

आता रेल्वेचं नावच कवितेवर आहे रे. दादर-सावंतवाडी 'तुतारी', केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलेलं. मालगुंडला त्यांचं स्मारक आहे, गणपतीपुळ्याला जाणारे शंभरातले पाच तरी वळत असतील का तिकडे, शंका आहे.

सागर_राजापूर

मंडळी, बरेच दिवसांनी येतोय. धागा मागे गेला होता, वर काढतोय.

कादंबरी कपाटात गेली. इथल्याच वाचनालयाचा सभासद झालो. बाईंचं 'श्यामची आई' आणलं आणि निम्म्यावर परत दिलं (बाई, रागावू नका, पन्नास पानांच्या पुढे गेलो होतो). वाईट नव्हतं, पण रोज रोज गळा दाटून यायला लागला. शंकासुर जिंकले. दळवींचं आणलं ते मात्र सोडवेना.

रात्रीचं वाचन काही जमलं नाही. बसून बघितलं, दिवा मागून लावून बघितला, पहिलं पान मोठ्याने वाचलं तर मुलगी उठली. मग बागायतदारांच्या 'धंदा केव्हा थंड असतो' वर विचार केला. आमच्या कामात एक गंमत आहे. फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकायला लावलं की तो लावून ठेवायचा, हात लावायचा नाही. बॅटरी टेस्टिंगला लावली की तेच. त्या वेळात मी माझ्या मोबाईलवर रील बघायचो. आता काउंटरच्या खालच्या कप्प्यात पुस्तक ठेवलंय. फोन लावला की पुस्तक बाहेर, झाला की आत. कधी दोन पानं, कधी दहा. गिऱ्हाईक आलं तर पाना ठेवतो खूण म्हणून, मोरपीस कुठलं दुकानात.

एक फायदा असा झाला की गिऱ्हाईक विचारतात, काय वाचतोस. एका रिटायर पोस्टमनकाकांनी तर फोन दुरुस्त झाल्यावरही अर्धा तास दळवींवर गप्पा मारल्या. आता ते काम नसताना येतात.

प्राजक्ता_चिपळूण

वा! म्हणजे ठरलेल्या गोष्टीला जोडलंसच की, फक्त आमच्यापैकी कोणीच न सुचवलेल्या.

सुमनबाई_गुहागर

पन्नास पानं ओलांडलीस, माझी अट पुरी झाली. पण शेवटच्या रात्री कधीतरी वाच.

हर्णैचा_तांडेल

चष्मा लागला हो. सव्वा नंबर. चष्मेवाल्यांनी पैसे घेतले, सूट दिली नाही, इथे नोंद असावी.

चष्मेवाला

चहा पाजला ते सांगा ना. आणि काच पुसायला फडकं फुकट दिलंय.

शंकासुर

सागर, मुद्द्याचं बोल. गणपतीत भांडलास का?

सागर_राजापूर

भांडलो! मोठा चुलतभाऊ म्हणाला दळवी नुसते विनोदी. मी म्हटलं शेवटचं प्रकरण वाचलंस का? त्याने वाचलं नव्हतं. चहा त्याने आणला.

आता तो माघी गणपतीला येणार आहे आणि 'तुंबाडचे खोत' वाचून ये म्हणालाय. इथल्या वाचनालयात पहिला खंड आहे, दुसरा कोणीतरी नेलाय तो परतच येत नाही. रखवालदार, तुमच्याकडे आहे का?

पुस्तकांचा_रखवालदार

आहे. पण सभासद नसलेल्याला बाहेर देत नाही, आणि तुझ्यासाठी नियम मोडणार नाही. पहिला खंड आधी संपव. दुसरा मिळेपर्यंत तुमच्या ग्रंथपालांना सांगून त्या सभासदाला स्मरणपत्र धाडायला लाव, घरी जाऊन आणला तरी चालतो.

मालवणी_खाजा

दुसरो खंड माझ्याकडे नाय हां. कोणी माझ्याकडे बघू नकात.